कात टाकताना साप असा का वागतो?

'कात टाकणे' हा वाक्प्रचार आपण मराठीत किती सहजपणे वापरतो! एखाद्या मरगळलेल्या संस्थेला उत्साही चिटणीस मिळाला, की आपण म्हणतो, संस्थेने कात टाकली. पहिल्या पावसाने डोंगर हिरवे झाले, की सृष्टीने कात टाकली. या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी, की कात टाकणे हा मोठा आनंदाचा, तारुण्याचा क्षण आहे. जुने झटकून टाकले आणि नवे तेज घेऊन प्राणी सळसळत निघाला.

परंतु सापाची बाजू ऐकून घेता आली असती, तर त्याने आपल्याला वेगळीच हकीकत सांगितली असती. त्याच्या दृष्टीने कात टाकणे हा एका क्षणाचा खेळ नसून आठ-पंधरा दिवसांचा अडचणीचा काळ असतो. या काळात त्याला नीट दिसत नाही, अन्नावर वासना राहत नाही, अंग कोरडे पडते आणि शत्रूपासून पळून जाण्याचीही त्याला खात्री वाटत नाही. म्हणून तो लपतो. आणि लपता आले नाही तर चिडतो. सापाचे हे वागणे नीट समजून घेतले, तर जुन्या समजुतींचा उलगडा तर होतोच, शिवाय आपल्या घराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही काही उपयुक्त गोष्टी हाती लागतात.

येथे एक प्रश्न साहजिकच निघेल. साप जर या दिवसांत लपून बसतो, तर त्याचे वागणे माणसाने पाहिले कोठे? त्याचे उत्तर असे, की हे ज्ञान आपल्याला मुख्यतः बंदिस्त सापांनी दिलेले आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र गृह उघडले गेले. तेव्हापासून काचेच्या पेटीतल्या सापाकडे रोजच्या रोज पाहणे शक्य झाले. पुढे अमेरिकेत व युरोपात सामान्य कुटुंबांतूनही साप पाळण्याची हौस वाढली. आज तिकडे सर्वांत जास्त पाळले जाणारे साप दोन. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातला तांबूस-नारिंगी रंगाचा कॉर्न स्नेक आणि दुसरा पश्चिम आफ्रिकेतला, घाबरला म्हणजे अंगाचा चेंडू करून त्यात डोके लपवणारा बॉल पायथन, म्हणजे एक लहानखुरा अजगर. दोघेही बिनविषारी. त्यांच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या टिपणांतून आणि शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून कातीचा हा सारा क्रम उलगडलेला आहे. आपल्याकडे मात्र ही हौस कोणी करू नये. नाग, घोणस, धामण, अजगर इत्यादी देशी साप पकडून घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तो कायदा योग्यच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. साप कात टाकतो कशासाठी?

पुष्कळांना वाटते, की लहान मुलाला सदरा आखूड होतो तशी सापाला कातडी आखूड होते, म्हणून तो ती टाकतो. हे अर्धेच खरे आहे. वाढत्या वयाची पिल्ले वारंवार कात टाकतात हे खरे. पण ज्याची वाढ जवळजवळ थांबली आहे असा म्हातारा सापही वर्षातून काही वेळा कात टाकतच राहतो. म्हणजे वाढ हे एक कारण झाले, आणि झीज हे दुसरे. जन्मभर दगडांवरून, काट्याकुट्यांतून पोटावर सरपटणाऱ्या प्राण्याचे बाहेरचे अस्तर झिजणारच, फाटणारच. त्याला गोचिड्या व बारीक कीटक चिकटणार, जखमांचे व्रण राहणार. हे सारे जुन्या अस्तराबरोबर निघून जाते.

वस्तुतः कात टाकणे हे सापाचेच वैशिष्ट्य नाही. आपणही रोज कात टाकत असतो. आपल्या त्वचेचा वरचा थर बारीक कोंड्याच्या रूपाने सतत गळत असतो आणि घरातल्या धुळीत मिसळत असतो. आपले काम किरकोळीने चालते, सापाचे घाऊक, एवढाच फरक. आपली त्वचा दररोज थोडी थोडी बदलते, तर सापाची काही आठवडे किंवा महिने स्वस्थ राहते आणि मग एकदम सबंध अंगाची बदलते.

ही बदली होते कशी? सापाच्या त्वचेच्या तळाशी नव्या पेशी निर्माण करणारा एक थर असतो. एरवी तो स्वस्थ असतो. कातीचा काळ जवळ आला, की तो जागा होतो आणि जुन्या त्वचेच्या खाली दुसरी संपूर्ण नवी त्वचा विणू लागतो. खवल्यामागे खवला, नक्षीमागे नक्षी. अंगातला जुना सदरा काढण्यापूर्वीच त्याच्या आत नवा शिवून तयार व्हावा, तसा हा प्रकार आहे. काही दिवस साप दोन त्वचा एकदम अंगावर वागवीत असतो. नवी त्वचा पुरी झाली, की दोहोंमधला दुवा विरघळू लागतो, तेथे थोडा द्रव साठतो, आणि जुनी त्वचा नव्यापासून सुटी होते. येथे कवठीचाफ्याच्या पाकळ्या उमलण्यासारखे काही घडत नाही. सारे काम आतल्या आत, गुपचूप चालते.

या कामाची वेळ ठरवण्यात गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचाही हात असतो, आणि त्यात निसर्गाची एक गंमत आहे. पालीसरड्यांच्या वर्गात या ग्रंथीचा रस कात टाकण्याला चालना देतो. सापात मात्र तोच रस तिला आवर घालतो. एकाच गोत्रातली ही दोन भावंडे, पण एकच किल्ली एकाकडे कुलूप उघडते आणि दुसऱ्याकडे लावते.

या सर्व खटाटोपात सर्वांत मोठी आपत्ती ओढवते ती डोळ्यांवर. सापाला उघडझाप करणाऱ्या पापण्या नसतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या टक लावून पाहण्याची आपल्याला जी भीती वाटते ती त्यामुळेच. पण पापण्या मुळीच नसतात असे नव्हे. गर्भावस्थेतच त्या एकमेकींना जुळून पारदर्शक होतात आणि घड्याळाच्या काचेसारखे एक झाकण डोळ्यावर कायमचे बसते. हे झाकण त्वचेचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर तेही बदलावे लागते. जुन्या आणि नव्या झाकणांच्या मध्ये फेरफार सुरू झाले, की डोळा दुधाळ निळसर दिसू लागतो. चिमणीची काच धुराने माखावी तशी सापाची दृष्टी मंद होते.

अॅरिस्टॉटलसारख्या प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याने, आजपासून सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी, हे टिपून ठेवले आहे. कात डोळ्यांपासून सुटू लागते आणि ज्याला हा प्रकार ठाऊक नाही त्याला साप आंधळा होत आहे असे वाटते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. अगदी अलीकडे, २०१३ साली, कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी या झाकणाबद्दल आणखी एक गोष्ट दाखवून दिली. त्यात अतिशय बारीक रक्तवाहिन्या असतात. एरवी साप त्यांतले रक्त थोडा वेळ वाहू देतो आणि थोडा वेळ थांबवतो. समोर संकट दिसले, की रक्त अधिक वेळ थांबवून ठेवतो, म्हणजे दृष्टीच्या आड काही येत नाही. पण कात तयार होत असताना मात्र रक्ताचा हा प्रवाह अखंड चालू राहतो, कारण नव्या त्वचेला पोसायचे असते. म्हणजे त्या दिवसांत डोळ्याने पाहायचे की डोळा नवा करायचा, या दोहोंतून शरीराने दुसऱ्याची निवड केलेली असते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे सापाचे वागणे पायरीपायरीने समजते. पेटीतल्या एखाद्या कॉर्न स्नेककडे आपण दिवसागणिक पाहत आहोत असे समजा.

पहिल्या एकदोन दिवसांत त्याचा रंग उतरतो. तांबूस पट्टे राखाडी, मळकट दिसतात. पोटाकडची बाजू धुरकट होते. साप सुस्तावतो. नेहमी संध्याकाळी पेटीभर हिंडणारा प्राणी आडोशाखालून बाहेर येत नाही. त्याच्यापुढे मेलेला उंदीर ठेवला, तर बहुधा तो तोंड फिरवतो. काही साप खातातही, पण न खाणे हाच सर्वसाधारण नियम. नवख्या मालकाला वाटते, साप आजारी पडला. तो काळजीने पुन्हा पुन्हा अन्न पुढे करतो, त्याला हाताळतो, आणि येथेच चूक होते. त्यातून जिवंत उंदीर पेटीत सोडून ठेवला तर अनर्थच. न दिसणाऱ्या, न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडून जखमी करतो.

त्यानंतर डोळे निळसर होतात. ही अवस्था साधारणतः तीन ते पाच दिवस टिकते. सापाच्या स्वभावातला फरक आता स्पष्ट दिसतो. एरवी हातावर शांतपणे रेंगाळणारा साप या दिवसांत हात जवळ येताच दचकतो, फूत्कारतो, प्रसंगी डसतो. याला राग म्हणणे बरोबर नाही. ज्याला समोरची आकृती मालकाची की घारीची हे ओळखता येत नाही, त्याने प्रत्येक सावलीला शत्रू मानणे यात शहाणपणच आहे. त्याची जीभ आणि टाळूतले गंधेंद्रिय काम करीत असते, जमिनीतली कंपने त्याला जाणवत असतात; पण पुरेशी माहिती मिळण्यापूर्वी धोका अंगावर आला, तर तो आधी तोंड मारतो.

याच काळात त्याला ओलाव्याची ओढ लागते. सापाच्या त्वचेत स्निग्ध द्रव्यांचा एक थर असतो आणि अंगातले पाणी उडून जाऊ न देणे हे त्याचे काम असते. त्वचेची अदलाबदल चालू असताना ही तटबंदी ढिली पडते. म्हणून साप पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसतो, ओलसर शेवाळाखाली शिरतो, भरपूर पाणी पितो.

मग एके दिवशी डोळे पुन्हा स्वच्छ दिसू लागतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, कात न टाकताच सारे आटोपले. ही फसगत असते. मधला द्रव शोषला गेल्यामुळे डोळा निवळलेला असतो. जुनी त्वचा अजून अंगावरच असते. त्यानंतर आणखी तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, प्रत्यक्ष कात पडते.

तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. साप अस्वस्थ होऊन हिंडू लागतो. नाकाचा शेंडा आणि ओठांच्या कडा दगडावर, लाकडावर घासतो. ओठांपाशी त्वचा फाटते. ती एकदा एखाद्या खरबरीत कंगोऱ्यात अडकली, की साप पुढे सरकू लागतो आणि कात मागे मागे उलटत जाते. पायमोजा वरच्या काठाला धरून ओढून काढावा, अगदी तशी. कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांत शेपटीचे टोक सुटते, आणि साप झळझळीत रंगांनी पुढे निघून जातो. थोड्याच वेळात तो बहुधा मलविसर्जन करतो, पाणी पितो, आणि पुढच्या दिवसांत भुकेने शिकार शोधू लागतो.

मागे राहिलेली कात आतली बाजू बाहेर अशी उलटी असते. ती सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली घडीची त्वचा ताणली जाते. म्हणून सहा हातांची कात सापडली, तर साप तेवढाच असेल असे नाही. तो चांगलाच आखूड असतो. तिला रंग जवळजवळ नसतो, कारण बहुतेक रंगपेशी आतल्या, न बदलणाऱ्या थरात असतात. गडद नक्षीची फिकट छाया मात्र तीवर उमटलेली दिसते. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या असतात.

या चकत्या पाहणे हे साप पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. त्या कातीत नसल्या, तर सापाच्या डोळ्यांवरच राहिलेल्या असतात. निरोगी सापाची कात सबंध, एकसंध निघते. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. बहुधा हवा कोरडी असते, पाणी कमी पडलेले असते. कधी पोषण निकृष्ट असते, गोचिड्या झालेल्या असतात किंवा जुनी जखम आड येते. बॉल पायथनच्या पेटीत हवेतील आर्द्रता शेकडा साठ ते ऐंशी ठेवावी लागते, ती यासाठीच. शेपटीच्या टोकावर कातीचे कडे राहिले, तर ते वाळून आवळत जाते, रक्त तुटते आणि टोक झडून जाते. अशा वेळी उपाय साधे असतात. ओलसर शेवाळाचा आडोसा करून द्यावा, कोमट, उथळ पाण्यात सापाला थोडा वेळ बसू द्यावे, ओल्या फडक्यातून त्याला आपणहून सरकू द्यावे. चिमट्याने ओढाओढ करू नये. डोळ्यावरची चकती नखाने उचकटणाऱ्याने सापाचे डोळे घालवल्याची उदाहरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. वेळेपूर्वी ओढलेल्या जुन्या त्वचेखाली नवी त्वचा अजून कच्ची असते. तिला जखम होते. मदत करण्याची घाई हीच येथे इजा ठरते.

हे वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे गारुड्याची टोपली येईल. कोरड्या टोपलीत कोंबलेला, तहानलेला नाग कात नीट टाकणार कशी? त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवली आणि त्याने तोंड लावले, तर ती भक्तीने प्रसन्न झाल्याची खूण नसते; पाणी न मिळालेला प्राणी मिळेल तो द्रव पितो, इतकेच.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यापाड्यांत आणि पावसाळ्यात झाले. ज्या देशात ही स्थिती आहे, तेथे कातीचे ज्ञान केवळ करमणुकीचे राहत नाही.

पहिली गोष्ट ही, की निळसर डोळ्यांचा, सुस्त पडलेला साप दिसला, तर तो आंधळा आहे, आजारी आहे, आता काही करणार नाही, असे समजून जवळ जाऊ नये. विषारी साप कातीच्या दिवसांत विष गमावत नाही. त्याची सहनशीलता तेवढी कमी झालेली असते. त्याला डिवचू नये, अंतर राखावे, मुलांना दूर ठेवावे आणि वनखात्याला अथवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

दुसरी गोष्ट, ओलावा आणि आडोसा शोधत साप मोरीजवळ, रांजणाखाली, लाकडांच्या व विटांच्या ढिगात येऊ शकतो. या जागा मोकळ्या ठेवल्या, भिंतीतली भोके बुजवली आणि उंदरांचा बंदोबस्त केला, तर निम्मे काम होते.

तिसरी गोष्ट, घरात कात सापडली तर घाबरून जाऊ नये आणि ती जाळूनही टाकू नये. ती एक पत्र आहे. ते वाचता आले पाहिजे. कात मोजा उलटावा तशी निघत असल्यामुळे तिचे डोक्याकडचे टोक मागे राहते आणि शेपटीचे टोक साप गेला त्या दिशेला असते. कात वाऱ्याने हलली नसेल, तर एवढ्यावरून त्याची वाट कळते. खवल्यांवरून जातही ओळखता येते. मण्यारीच्या कातीवर पाठीच्या मध्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग गेलेली दिसते आणि शेपटीच्या खालचे खवले अखंड, एकेरी असतात. रुका आणि मांजऱ्या या सापांचेही पाठीवरचे मधले खवले काहीसे मोठे असतात, परंतु त्यांच्या शेपटीखालचे खवले जोडीजोडीने असतात. मण्यारीशी रंगाने फसवणारा निरुपद्रवी कवड्या साप असतो, त्याच्या पाठीवर ही मोठ्या खवल्यांची रांगच नसते. घोणशीच्या खवल्यांवर मधोमध उभी कणी असते. हे वाचन आपल्याला साधले नाही, तरी कात कागदात गुंडाळून जाणकाराला दाखवावी. घरात मण्यार वावरते आहे एवढे कळले, तरी घरची माणसे जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपतील. आणि मण्यार रात्री झोपलेल्याला चावते हे लक्षात घेता, एवढ्याने एखादा प्राण वाचू शकतो.

कातीभोवती कल्पनांचे जाळे माणसाने फार प्राचीन काळापासून विणलेले आहे. मेसोपोटेमियातील गिल्गमेशच्या महाकाव्यात साप तारुण्य देणारी वनस्पती खाऊन जातो आणि कात टाकून नवा होतो. माणूस मात्र म्हाताराच राहतो. आपल्या बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर पडलेल्या निर्जीव कातीचा दृष्टान्त देहत्यागासाठी वापरलेला आहे. आजही कित्येक घरांत कात तिजोरीत ठेवतात, म्हणजे धन वाढते अशी श्रद्धा असते. तिकडे अमेरिकेत खुळखुळ्या सापाच्या शेपटीतली कडी मोजून त्याचे वय सांगण्याचा लोकांना छंद आहे. पण तेथे वर्षाला एक कडे येत नाही, प्रत्येक कातीला एक येते, आणि जुनी कडी तुटूनही जातात. तेव्हा तो हिशोबही चुकतोच.

कात टाकून साप तरुण होत नाही, अमरही होत नाही. त्याचे वय तेच राहते, व्रणही खोल असतील तर दोनतीन कातींपर्यंत पुसले जात नाहीत. त्याने साधलेले असते ते इतकेच, की झिजलेले आवरण बदलून पुढच्या काही महिन्यांची तरतूद केली. आणि तेवढ्यासाठी त्याने काही दिवस दृष्टी गमावली, उपास काढला, एकान्त पत्करला. पुढच्या वेळी एखाद्या संस्थेने कात टाकली असे आपण म्हणू, तेव्हा हे मधले दिवसही आठवावेत. आणि कुंपणापाशी निस्तेज अंगाचा, दुधाळ डोळ्यांचा साप पडलेला दिसला, तर हातातली काठी बाजूला ठेवून चार पावले मागे सरावे. त्याला त्या वेळी आपल्याकडून हवा असतो तो थोडा आडोसा आणि थोडा अवधी. तेवढा मिळाला, की तो आपल्या वाटेने निघून जातो.